मालिका लिहिणारीची मजुरी

नोव्हेंबर २००८ मधली गोष्ट. धुळे तालुक्यातल्या एका गावात बचत गटाची बैठक होती. त्या काळात खेड्यात बैठकीची वेळ ठरवायची तर दोन गोष्टी पाहाव्या लागत. भारनियमन कधी आहे आणि मालिका किती वाजता आहे. वीज आहे पण मालिका नाही अशी वेळ काही सापडत नसे. म्हणून आम्ही बहुतेक वेळा कंदिलाच्या उजेडात बसत असू. वीज आली की बायका उठणार हे ठरलेलंच.

त्या दिवशी वीज आली, शेजारच्या घरातून मालिकेचं संगीतही ऐकू आलं, पण कुणी उठलं नाही. मी विचारलं, "काय झालं? आज टीव्ही नाही का बघायचा?" एक जण वैतागून म्हणाली, "जुनंच दाखवून राहिले ताई. पाहिलेलंच परत परत."

मी सकाळी पेपरात वाचलं होतं की मुंबईत हिंदी मालिकांचं चित्रीकरण थांबलंय. निर्माते आणि कामगार संघटना यांचं मजुरीवरून, करारावरून बिनसलंय. तेवढं मी सांगितलं. दिवे लावणारे, कपडेपट सांभाळणारे, मेकअप करणारे, नट-नट्या, लिहिणारे असे सगळेच त्यात आहेत, हेही सांगितलं. तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या एका आजींनी विचारलं, "हाई कोन लिखस व माय?" हे लिहितं कोण?

मला उत्तर देता आलं नाही. त्या मालिकेतल्या सासूचं नाव मला ठाऊक होतं, सुनेचं होतं. त्या नट्यांची खरी नावंही ठाऊक होती. पण रोज रात्री अर्धा तास या गावातल्या सगळ्या बायकांच्या घरात जे बोललं जात होतं, ते कुणाच्या हातचं होतं, याची मला कल्पना नव्हती. आणि मी तर गावोगाव मालिकांविरुद्ध भाषणं करत हिंडणारी बाई!

पुढचं बोलणं मी कधी विसरले नाही. कापसाचे दिवस होते. वेचणीला जाणारी एक बाई म्हणाली, "आम्ही मागं एकदा वेचणीचा भाव वाढवून मागितला होता. दोन दिवस वावरात गेलो नाही. तिसऱ्या दिवशी मालकानं दुसऱ्या गावच्या बाया टेम्पोत भरून आणल्या. आमचा भाव तिथंच राहिला." मग जरा थांबून तिनंच विचारलं, "मंग हे जुनं दाखवतात, ते टेम्पोतल्या बायांसारखंच झालं का नाही?"

इतक्या वर्षांत संप फोडणं म्हणजे काय हे मी अनेक शिबिरांत समजावून सांगितलं असेल, पण इतक्या सोप्या शब्दांत मला ते कधी जमलं नव्हतं. काम बंद आहे, तरी मालकाचं दुकान चालू आहे, कारण कामगारांनीच आधी केलेलं काम तो पुन्हा पुन्हा विकतोय. आणि त्या पुन्हा विकण्याचे पैसे ज्यांनी काम केलं त्यांना नाहीत. त्या रात्री गटानं ठरवलं की मिटेपर्यंत जुने भाग बघायचे नाहीत. चौदा जणींपैकी नऊ जणींकडे टीव्ही होता. मुंबईला त्याचा पत्ताही लागला नसेल. थोड्या दिवसांत समेट झाला, नवे भाग सुरू झाले आणि बैठका परत कंदिलाच्या उजेडात होऊ लागल्या.

आमच्या त्या नऊ टीव्हींनी काही घडवलं असं मला म्हणायचं नाही. पण हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे लागला आहे. बघणारी बाई आणि लिहिणारी बाई यांचं नातं काय? आणि स्त्रियांच्या चळवळीला त्याच्याशी काही देणंघेणं आहे का?

माझं मत आहे की आहे. ते का, हे या लेखात मांडायचं आहे.

त्याच वर्षाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या पटकथालेखकांचा मोठा संप मिटला होता. ५ नोव्हेंबर २००७ ला तो सुरू झाला आणि १२ फेब्रुवारी २००८ ला संपला, म्हणजे शंभर दिवस चालला. सुमारे बारा हजार लेखक त्यात होते. त्यांचं मुख्य भांडण पुन्हा विकण्याचंच होतं. मालिका एकदा दाखवून झाली की ती डीव्हीडीवर विकली जाते, इंटरनेटवर दाखवली जाते. त्या प्रत्येक विक्रीत लिहिणाऱ्याचा वाटा किती? कंपन्या म्हणत होत्या की इंटरनेटवर अजून फारसा पैसाच नाही. लेखक म्हणत होते की उद्या सगळा पैसा तिथंच असणार आहे.

या संपात एक गोष्ट नवी घडली. मालिकांचे चाहते लेखकांच्या बाजूनं उभे राहिले. खरं तर त्यांची अडचण झाली होती, आवडत्या मालिका अर्ध्यावर थांबल्या होत्या. रागवायचं तर ते लेखकांवर रागावू शकत होते. पण त्यांनी वर्गणी काढून कंपन्यांच्या दारात फलक घेऊन उभ्या असलेल्या लेखकांना खायला-प्यायला पाठवलं. काही जण स्वतः फलक घेऊन उभे राहिले. आणि कंपन्यांच्या मालकांना त्यांनी पेन्सिलींचे खोकेच्या खोके पाठवले. सांगणं हे की पेन्सिल तुमच्याकडे ढिगानं असली तरी ती आपण होऊन लिहीत नाही.

हे वाचल्यावर मला वाटलं होतं, ठीक आहे, ती श्रीमंत देशातली माणसं. आपल्याकडे बघणारी बाई कुठे असं काही करते? पण मागे वळून पाहिलं तर लक्षात आलं की आपल्याकडचा प्रेक्षक कधीच मुका नव्हता.

१९८४ मध्ये दूरदर्शनवर 'हम लोग' सुरू झाली. मनोहर श्याम जोशी यांनी ती लिहिली होती. दीडेक वर्ष ती चालली. त्या काळात लोकांनी लाखांवर पत्रं पाठवली. अमक्या मुलीचं लग्न लावू नका, तमकीला शिकू द्या, अशी. पोस्टकार्ड लिहिणाऱ्यांत बायका-मुली भरपूर होत्या. आपली गोष्ट कुणीतरी लिहितंय आणि त्याच्याशी आपल्याला बोलता येतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

दुसरं उदाहरण त्याहून मोठं आहे. १९८८ च्या जुलैअखेर 'रामायण' मालिका संपली. राम अयोध्येला परत आला, राज्याभिषेक झाला आणि गोष्ट थांबली. तेव्हा पंजाबात, जालंधरसारख्या शहरांत, वाल्मिकी समाजाच्या सफाई कामगारांनी झाडू खाली ठेवले. त्यांचं म्हणणं असं की पुढची गोष्ट का नाही दाखवत? गरोदर सीतेला रानात सोडलं, तिला वाल्मिकींनी आसरा दिला, लव-कुश तिथं वाढले, ती गोष्ट कुठे गेली? शहरांत कचरा साठला, संप इतर ठिकाणी पसरला आणि शेवटी पुढचे भाग काढावे लागले.

मैत्रिणींनो, जरा विचार करून बघा. देशातल्या सर्वांत खालच्या मजुरीवर राबणारी ही माणसं. त्यांनी तो संप पगारासाठी केला नव्हता. गोष्टीतून टाकून दिलेल्या बाईसाठी आणि ज्यानं ती गोष्ट रचली त्या कवीसाठी केला होता. वाल्मिकी त्यांचा होता आणि मालिकेनं त्याचाच भाग वगळला होता. लिहिणाऱ्याची जागा त्याला परत द्या, असं म्हणणारा प्रेक्षकांचा संप आपल्याच देशात, अमेरिकेच्या वीस वर्षं आधी झालेला आहे. आपण तो आपल्या इतिहासात धरत नाही इतकंच.

आता आक्षेपाकडे येते. तो बाहेरून येण्याआधी माझ्याच मनात होता. ज्या मालिकांनी बाईला चोवीस तास दागिन्यांनी मढवून स्वयंपाकघरात कटकारस्थानं करायला बसवलं, त्या लिहिणाऱ्यांसाठी आपण कशाला उभं राहायचं? २००० नंतरची काही वर्षं मी ८ मार्चच्या कार्यक्रमांत हेच बोलत असे. टीव्ही बंद करा, असं सांगत असे. बायका टाळ्या वाजवत आणि घरी जाऊन टीव्ही लावत. बोलताना मी त्यांना थोडं कमी लेखत होते, हे आता कळतं. दिवसभर वावरात राबून आलेल्या बाईला तो अर्धा तास हक्काचा बसायचा होता. तो मी काढून घ्यायला निघाले होते आणि बदल्यात देत होते भाषण.

माझं मत बदललं ते एका मुलीमुळे. तिचं नाव सांगत नाही. धुळे जिल्ह्यातल्याच एका गावची. जळगावला शिकली. आमच्या शिबिरांना यायची, छान लिहायची. मुंबईला गेली आणि एका मालिकेचे संवाद लिहायचं काम तिला मिळालं. आम्हा सगळ्यांना फार अभिमान वाटला. दोन वर्षांनी ती दिवाळीला आली तेव्हा ओळखू येईना, इतकी वाळली होती.

मी तिला नेहमीच्या तोऱ्यात म्हटलं, "काय गं, तूपण तेच लिहायला लागलीस? सुनेला रडवायचं आणि सासूला हसवायचं?"

ती म्हणाली, "मावशी, तुम्हाला वाटतं ते मी ठरवते?"

मग तिनं सगळं सांगितलं. कथा एक जण लिहितो, पटकथा दुसरा, संवाद तिसरा. हिच्याकडे रात्री उशिरा कागद येतो, सकाळी नट सेटवर उभे असतात, त्याच्या आत संवाद गेले पाहिजेत. आठवड्याचा टीआरपी आला आणि आकडा खाली गेला की आधी लिहिलेलं सगळं रद्द. रद्द झालेल्या भागाचे पैसे नाहीत. पैसे भागामागे, आणि तेही भाग दाखवून झाल्यावर नव्वद दिवसांनी. म्हणजे आज लिहिलेल्या ओळीची मजुरी तीन-चार महिन्यांनी. तोवर खोलीचं भाडं कुठून भरायचं, ते हिनं बघायचं. करारात लिहिलेलं की सगळे हक्क कायमचे कंपनीचे. आजारी पडली तर दुसरी माणसं तयारच असतात.

"आणि मावशी," ती म्हणाली, "मी एकदा लिहिलं होतं की सून लग्नानंतर नोकरी सोडत नाही. सासू तिला डबा भरून देते. साधं होतं. वरून निरोप आला, यात नाट्य नाही, सासूनं डबा लपवला पाहिजे. मी वाद घातला. पुढच्या महिन्यापासून माझे भाग कमी झाले. ज्याला पुढच्या भागाची खात्री नाही तो वाद कसा घालणार?"

ते काम तिनं सोडलं तेव्हा शेवटच्या काही भागांचे पैसे बुडाले ते बुडालेच.

तिचं ते शेवटचं वाक्य मला महत्त्वाचं वाटतं. आपण मालिकेतल्या बाईच्या चित्रावर टीका करतो आणि ती करायलाच हवी. पण ते चित्र काढणाऱ्या हाताला नकार द्यायची ताकद आहे का, हे आपण कधी विचारलं नाही. रोजंदारीवरची बाई मालकाला नाही म्हणू शकत नाही, हे आपल्याला वेचणीच्या बाबतीत कळतं. लेखणीच्या बाबतीतही ते तसंच आहे. ज्या लेखिकेला करार आहे, वेळेवर पैसे आहेत, मागे संघटना आहे, तीच म्हणू शकते की सासूनं डबा भरून दिला तर काय बिघडलं. सगळ्याच जणी तसं म्हणतील असा माझा भाबडा समज नाही. काही जणी, काही जण, आवडीनंच कटकारस्थानं लिहीत असतील. पण म्हणायची सोय तर हवी. १९८९ मध्ये कविता चौधरीनं 'उडान' स्वतः लिहिली, दिग्दर्शित केली आणि त्यात कामही केलं. पोलीस अधिकारी झालेल्या आपल्या बहिणीच्या आयुष्यावरची ती मालिका होती. कितीतरी मुलींनी ती बघून वर्दीचं स्वप्न पाहिलं. गोष्ट बाईच्या हातात राहिली की काय होतं, त्याचा तो नमुना आहे.

आता कायद्याचं थोडं सांगते, कारण शिबिरांत मला ते विचारलं जातं. २०१२ मध्ये आपल्या संसदेनं कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती केली. जावेद अख्तर राज्यसभेत होते, त्यांनी त्यासाठी खूप धडपड केली. या दुरुस्तीनं असं म्हटलं की सिनेमासाठी लिहिणाऱ्यानं आपले हक्क निर्मात्याला दिले, तरी चित्रपटगृहाबाहेर ती कृती जिथे-जिथे वापरली जाईल तिथल्या मानधनातला समान वाटा लेखकाचा राहतो. आणि हा वाटा सोडून देतो असं त्याच्याकडून लिहून घेतलं तरी ते चालणार नाही. आपल्याला समजेल असं सांगायचं तर हे लेकीच्या हिश्शासारखं आहे. हिंदू वारसा कायद्यानं २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क दिला. पण आपल्या भागात किती जणी तलाठ्याकडे जाऊन सातबाऱ्यावर नाव लावून घेतात, आणि किती जणी हक्कसोड लिहून देऊन भावाकडून साडी-चोळी घेऊन परत येतात, ते आपण रोज बघतो. कागदावरचा हक्क आणि हातात पडणारा पैसा यात किती अंतर असतं, हे बायकांना कुणी शिकवायला नको. लेखकांचं तसंच झालं आहे. कायदा होऊन इतकी वर्षं झाली, पण मालिका पुन्हा दाखवली म्हणून लिहिणाऱ्याला आपोआप पैसे मिळण्याची पद्धत आपल्याकडे रुजलेली नाही.

२०२० च्या टाळेबंदीत हे पुन्हा डोळ्यांसमोर आलं. मार्चमध्ये चित्रीकरणं थांबली आणि महिनोन्‌महिने वाहिन्यांनी जुन्या मालिका दाखवल्या. घरात कोंडलेल्या आपल्या सगळ्यांना त्यांचा आधार वाटला. मला ती वेचणीची बाई आठवत राहिली. दिवसभर जुनं चालू होतं आणि ते लिहिणाऱ्यांपैकी कितीतरी जण घरी बिनकामाचे बसले असणार.

मग २०२३ मध्ये अमेरिकेतले लेखक परत संपावर गेले. २ मे ते २७ सप्टेंबर, म्हणजे १४८ दिवस. या वेळी प्रश्न आणखी पुढे गेला होता. लेखकाऐवजी यंत्राकडूनच, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेकडून, गोष्ट लिहून घेतली तर काय? १४ जूनला जगातल्या अनेक देशांतल्या लेखक संघटनांनी त्यांना पाठिंबा म्हणून एकत्र दिवस पाळला. जुलैमध्ये नट-नट्याही संपावर गेले. शेवटी यंत्राच्या वापरावर काही मर्यादा घालणारा करार झाला. आपल्याकडे अजून साध्या नव्वद दिवसांचा प्रश्न सुटलेला नाही, तोवर हा दुसरा येऊन दारात उभा आहे.

इथवर आपण मुंबईकडे आणि अमेरिकेकडे बोट दाखवलं. आता जरा आपल्या घराकडे वळू या.

आपण खानदेशातल्या बायका 'उंबरठा' हा सिनेमा आपला मानतो. १९८२ चा तो सिनेमा. स्मिता पाटील म्हणजे शिरपूरच्या शिवाजीराव पाटलांची लेक, म्हणून तर जास्तच. शिबिरांत आम्ही तो कितीदा दाखवला असेल. स्मिताबद्दल बोललो, जब्बार पटेलांबद्दल बोललो, पटकथा तेंडुलकरांची हेही सांगितलं. पण तो सिनेमा 'बेघर' या कादंबरीवरून निघाला आणि ती कादंबरी शांता निसळ या बाईंनी लिहिली, हे मी एकाही शिबिरात सांगितल्याचं मला आठवत नाही. सुधारगृहातल्या बायकांची गोष्ट मुळात एका बाईनं लिहिली आणि तिचंच नाव आम्ही, बायकांच्या चळवळीनं, गाळलं.

बहिणाबाईंचं उदाहरण तर आपल्या उंबऱ्याशीच आहे. आसोद्याची लेक, जळगावची सून. लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, वावरात गाणी रचली. मुलानं, सोपानदेवांनी, आणि घरातल्यांनी ती उतरून ठेवली म्हणून वाचली. त्या १९५१ मध्ये गेल्या आणि पुस्तक १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह आलं. आपल्या नावाचं पुस्तक त्यांनी पाहिलं नाही. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, याचा आनंद आहेच. पण कानबाईची गाणी, भुलाबाईची गाणी, जात्यावरच्या ओव्या रचणाऱ्या इतर हजारो बायकांच्या घरात उतरून घेणारं कुणी नव्हतं. त्यांच्या गाण्यांना आपण 'लोकगीत' म्हणतो, म्हणजे कुणाचंच नाही असं गीत. ते कुणीही घ्यावं, त्याला चाल लावावी, कॅसेट काढावी, विकावी.

आणि शेवटी आमच्या स्वतःच्या संघटनेचं. आम्ही दारूबंदीवर एक पथनाट्य करत होतो. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांत त्याचे प्रयोग झाले. अहिराणीतले त्यातले संवाद ऐकून बायका हसता-हसता रडत. ते संवाद आमच्यातल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईनं लिहिले होते. दुपारी गिऱ्हाईक नसताना मशीनवर वही ठेवून ती लिहायची. पत्रकावर आम्ही छापलं, 'सादरकर्ते : संघटनेच्या कार्यकर्त्या'. आमचा समज असा की चळवळीत व्यक्तीचं नाव कशाला, सगळं सगळ्यांचं. पुढे एका अनुदानातून प्रयोगांना पैसे मिळाले. गाडीभाड्याचे दिले, माइकवाल्याचे दिले, ढोलकीवाल्याचे दिले. लिहिणारीला द्यायचे असतात हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही नाही. तिनं मागितले नाहीत. एकदा फक्त म्हणाली होती, "ताई, त्या पत्रकावर माझं नाव असतं तर सासरी दाखवलं असतं."

'मुलगी झाली हो' हे नाटक १९८३ पासून गावोगाव झालं, तेही संघटनेचंच नाटक होतं. पण ते ज्योती म्हापसेकरांनी लिहिलं हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे स्त्री मुक्ती संघटनेचं काही कमी झालं नाही. नाव दिल्यानं सामूहिकपणा मोडतो, हा आमचा समज चुकीचा होता. बाईचं काम अदृश्य राहतं म्हणून आपण इतकी वर्षं बोलतो आहोत. स्वयंपाकाची मजुरी, पाण्याच्या हंड्याची मजुरी, लेकरं सांभाळण्याची मजुरी आपण मोजायला शिकलो. लिहिण्याची मजुरी मोजायला मात्र विसरलो.

पाठिंबा देऊन काय होतं, असं कुणी विचारेल. मी २०२३ च्या डिसेंबरात सुरू झालेला अंगणवाडी सेविका-मदतनिसांचा संप सांगेन. पन्नासवर दिवस तो चालला. पहिल्या दिवसांत आया कुरकुरत होत्या की लेकरं घरी, खाऊ बंद, कामावर कसं जायचं. त्या कुरकुरीत चूक काही नव्हती, गैरसोय त्यांचीच होत होती. पण आमच्या भागात काही आया लेकरांना कडेवर घेऊन सेविकांच्या धरण्यावर येऊन बसल्या. त्या दिवशी सेविकांच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मागण्यांच्या कागदावर कुठे नव्हतं. 'संपामुळे लोकांचे हाल' हे वाक्य प्रत्येक संपात मालकाच्या, सरकारच्या कामी येतं. ज्यांचे हाल म्हणतात ते लोकच उठून म्हणाले की आम्ही यांच्या बाजूचे आहोत, तर ते वाक्य तिथंच पडतं. अमेरिकेतल्या चाहत्यांनी हेच केलं. आमच्या बचत गटानं कंदिलाच्या उजेडात हेच केलं होतं.

म्हणून माझ्या काही सूचना आहेत. मोठ्या नाहीत, आपापल्या गटात करता येतील अशा आहेत.

मालिका बघा, भांडत बघा, पण लिहिणाऱ्याचं नाव वाचा. ते फार लवकर पुढे सरकतं, तरी वाचा. आवडलं नाही तर वाहिनीला पत्र लिहा, आणि आवडलं तर न विसरता लिहा. डबा भरून देणारी सासू कुठे दिसली तर ती आम्हाला हवी आहे, हे कळवा. म्हणजे असं लिहू पाहणारीला वाद घालताना दाखवायला एक कागद होईल. उद्या आपल्याकडच्या मालिकालेखकांनी काम थांबवलं, तर जुने भाग लावून बसू नका आणि गटाच्या सह्यांचं एक पत्र त्यांच्या संघटनेला पाठवा. आणि हे सगळं करण्याच्या आधी आपापल्या संघटनेची कपाटं उघडा. जुनी पत्रकं, पथनाट्यं, गाण्यांच्या पुस्तिका काढा. ती कुणी लिहिली ते शोधा, त्यांची नावं घाला, आणि पुढच्या अंदाजपत्रकात गाडीभाड्याच्या ओळीखाली लेखनाच्या मानधनाची एक ओळ लिहा.

आम्ही सुरुवात केली आहे. पथनाट्याची पुस्तिका नव्यानं छापतो आहोत. त्या शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे मी स्वतः गेले, माफी मागितली, आणि नाव कसं छापायचं ते विचारलं. माहेरचं की सासरचं? त्या बराच वेळ विचार करत राहिल्या. मग म्हणाल्या, "नुसतं माझं छापा." तसंच छापणार आहोत. मागच्या प्रयोगांचे पैसे किती होतात, याचा हिशेब अजून चालू आहे. तो पुरा केल्याशिवाय मुंबईच्या मालकांना शहाणपण शिकवायचं तोंड आम्हाला नाही.

तुमच्या गटांत असं कुणाचं लिहिणं बिननावाचं पडलं असेल तर या अंकाला जरूर कळवा. नावासकट.